पाठांतर, एकांत आणि प्रसाद: प्रौढ वयातील प्रतिभेचा प्रश्न

प्रतिभा ही लहानपणीच प्रकट होणारी आणि वयाबरोबर ओसरत जाणारी शक्ती आहे, असा समज महाराष्ट्रात खोलवर रुजलेला आहे आणि त्याला आधारही तसाच भक्कम मिळालेला आहे. ज्ञानेश्वरांचा जन्म १२७५ मधला मानला जातो, ज्ञानेश्वरी १२९० मध्ये नेवाशाला सिद्ध झाली आणि १२९६ मध्ये आळंदीला त्यांनी समाधी घेतली; ज्या समाजाच्या वाङ्मयाच्या उगमापाशीच असे उदाहरण उभे आहे, त्या समाजाला उशिरा जागी होणारी प्रतिभा ही दुय्यम वाटावी यात नवल नाही. या समजाचा परिणाम मात्र फार दूरवर पोहोचतो. शाळेत असताना चित्रे काढणारी, कविता लिहिणारी, पेटी वाजवणारी माणसे नोकरी, लग्न, मुलांचे शिक्षण आणि आईवडिलांची आजारपणे यांत वीस-पंचवीस वर्षे काढतात, आणि त्यानंतर हात मोकळा झाला तरी ते आपले काम उरलेले नाही असे मानून गप्प राहतात. त्यांच्या या गप्प राहण्यामागे दोन प्रश्न दडलेले असतात. पहिला तत्त्वज्ञानाचा आहे: खंड पडलेली सर्जनशक्ती, म्हणजे नवे काही घडवण्याची शक्ती, पुन्हा जागी होऊ शकते काय? दुसरा धर्माचा आहे: संसाराची जबाबदारी असलेल्या माणसाने तिच्यासाठी वेळ आणि मन खर्च करणे योग्य आहे काय? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे संस्कृत काव्यशास्त्राने आणि मराठी संतपरंपरेने दिलेली आहेत, आणि त्यांतले सर्वांत स्वच्छ उत्तर पुण्यापासून सुमारे तीस किलोमीटरवर, देहूत, एका दिवाळे निघालेल्या वाण्याच्या आयुष्यातून मिळाले आहे.

काव्यशास्त्रात हा विचार ‘काव्यहेतू’ या नावाखाली येतो. काव्य कशामुळे निर्माण होते याचा शोध म्हणजे काव्यहेतूंचा विचार. मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास असे तीन घटक सांगितले आणि ते तिन्ही मिळून एकच हेतू होतो असे बजावले. यातली शक्ती म्हणजे प्रतिभा. निपुणता, जिला इतर ग्रंथकार ‘व्युत्पत्ती’ म्हणतात, ती लोकव्यवहार आणि ग्रंथ यांच्या परिशीलनाने येणारी जाण. आणि अभ्यास म्हणजे जाणत्यांच्या देखरेखीखाली पुन्हापुन्हा केलेला प्रयत्न. दण्डीने तर त्याही आधी असे मान्य केले होते की पूर्वसंस्कारातून आलेली अद्भुत प्रतिभा एखाद्याजवळ नसली, तरी श्रवण आणि यत्न यांनी वाग्देवीची उपासना केल्यास ती काही ना काही अनुग्रह करतेच. राजशेखराने प्रतिभेचे आणखी बारीक वर्गीकरण केले. निर्मिती करणाऱ्याची ती ‘कारयित्री’ आणि आस्वाद घेणाऱ्याची ती ‘भावयित्री’. कारयित्रीचे पुन्हा तीन प्रकार, जन्मांतरीच्या संस्कारातून येणारी ‘सहजा’, याच जन्मातील संस्कारांतून कमावलेली ‘आहार्या’ आणि मंत्रादी उपदेशाने लाभणारी ‘औपदेशिकी’. ‘आहार्या’ हा प्रकार मान्य करणे ही मोठी गोष्ट आहे, कारण तिथे शास्त्राने प्रतिभेचे दार जन्माच्या क्षणानंतरही उघडे ठेवले.

या चर्चेत प्रौढ माणसाच्या बाजूने सर्वांत नेमका युक्तिवाद केला तो सतराव्या शतकात, शाहजहानच्या दरबारात मान मिळवलेल्या जगन्नाथ पंडिताने. त्याच्या मते काव्याचे कारण केवळ प्रतिभाच होय. पण त्या प्रतिभेचे कारण सर्वत्र एकच नसते. कुठे ते देवतेच्या किंवा महापुरुषाच्या प्रसादातून उपजलेले अदृष्ट असते, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा पुण्यसंस्कार असतो, तर कुठे असामान्य व्युत्पत्ती आणि काव्यरचनेचा अभ्यास हे असते. केवळ अदृष्टालाच कारण मानता येणार नाही, याला रसगंगाधरात त्याने दिलेला दाखला साध्या निरीक्षणाचा आहे: काही माणसांना बराच काळ काव्य करता येत नाही, पुढे कोणत्या तरी प्रकारे व्युत्पत्ती आणि अभ्यास जुळून येतात, आणि मग त्यांच्या ठिकाणी प्रतिभा प्रकट झालेली दिसते. तिथेही अदृष्टच कारण आहे असे कोणी म्हणाले, तर ते अदृष्ट आधीही होतेच, मग काव्य आधी का झाले नाही, असा त्याचा पेच आहे. आधी दुसऱ्या एखाद्या अदृष्टाने प्रतिभा अडवून धरली होती, ही पळवाटही तो बंद करतो. दिसणाऱ्या कारणाने काम भागत असताना न दिसणारी दोन कारणे कल्पिणे त्याला निष्कारण वाटते. भारतीय काव्यशास्त्राच्या एका शिखरग्रंथात, उशिरा लिहू लागलेल्या माणसाच्या अनुभवाला सिद्धांत मोडण्याइतके वजन दिले गेले, ही घटना मराठी वाचकाने विशेष लक्षात ठेवावी अशी आहे.

जगन्नाथाने नाकारलेली अडथळ्याची कल्पना योगशास्त्रात मात्र वेगळ्या आणि अधिक उपयोगी रूपात आढळते. पतंजलीने चौथ्या पादात म्हटले आहे की धर्मादी निमित्ते प्रकृतीला चालना देत नाहीत, ती फक्त आडवे आलेले आवरण दूर करतात. शेतकरी जसा पाण्याला ओढून नेत नाही, तो दारे फोडून देतो आणि पाणी आपल्या उताराने वाफ्यात शिरते, तसे हे घडते. त्याच शास्त्रात क्लेशांच्या, म्हणजे मनाला बांधणाऱ्या वृत्तींच्या, चार अवस्था सांगितल्या आहेत, आणि त्यांतल्या ‘प्रसुप्त’ आणि ‘विच्छिन्न’ या दोन येथे लक्ष वेधून घेतात. प्रसुप्त म्हणजे बीजरूपाने झोपलेला. विच्छिन्न म्हणजे दुसरी वृत्ती प्रबळ झाल्यामुळे काही काळ मागे पडलेला, पण नष्ट न झालेला. हे वर्गीकरण क्लेशांसाठी केलेले असले तरी संस्कारमात्राला ते लागू करण्यास हरकत दिसत नाही. तरुणपणी गाणाऱ्या आणि पुढे पंचवीस वर्षे हिशेबाच्या वह्यांत बुडालेल्या माणसाचा स्वरसंस्कार मेलेला नसतो, तो विच्छिन्न असतो. जगन्नाथाचा आक्षेप अदृष्ट अडथळ्याला आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु प्रौढ माणसाचे अडथळे अदृष्ट नसतातच. आपले हसे होईल ही भीती, प्रत्येक कृतीचा उपयोग विचारण्याची सवय, आणि समाजात मिळवलेले स्थान नवशिका म्हणून गमावण्याची नाखुशी, हे तिन्ही अडथळे डोळ्यांना दिसणारे आहेत आणि ते दूर करण्याचा मार्गही दिसणारा आहे.

तो मार्ग देहूच्या त्या वाण्याने, म्हणजे तुकारामांनी, आपल्या एका आत्मपर अभंगात क्रमवार सांगून ठेवला आहे. तो सांगण्याची त्यांची इच्छा नव्हती, संतांनी विचारले म्हणून सांगावे लागले, असे ते आरंभीच नमूद करतात, त्यामुळे त्या कथनाला कबुलीजबाबाची सचोटी आलेली आहे. घरची महाजनकी आणि व्यापार कोवळ्या वयातच त्यांच्या अंगावर पडला होता, आईवडील गेले, १६२९–३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात होते ते द्रव्य गेले, मान गेला, आणि पहिली पत्नी अन्नावाचून मेली. आजच्या हिशेबाने वय विशीचे असले तरी कर्जे, दुकान, दोन लग्ने आणि मुलाबाळांचे मृत्यू पाहिलेला हा माणूस सर्वार्थाने प्रौढ होता, आणि त्याच्या हाती तोपर्यंत कवितेची एक ओळही नव्हती. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवलेल्या गुरुदेव रा. द. रानडे यांनी महाराष्ट्रातील गूढवादावरील आपल्या १९३३ च्या इंग्रजी ग्रंथात तुकारामांच्या व्याकुळतेच्या कालखंडाला, ख्रिस्ती संतांची परिभाषा वापरून, आत्म्याची काळरात्र म्हटले आहे. हे निदान मार्मिक आहे. पण काळरात्रीतून बाहेर पडताना तुकारामांनी काय केले, हे पाहिल्याखेरीज सर्जनाच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती देवळाची. पूर्वजांचे विठ्ठलाचे देऊळ पडले होते, ते उभारावे असे त्यांच्या मनाने घेतले; म्हणजे आरंभ शब्दांनी झाला नाही, हातांनी झाला. मग एकादशीला ते कीर्तन करू लागले, आणि तेही चित्ताला त्याचा अभ्यास नसताना. त्यानंतर त्यांनी संतांची काही वचने विश्वासाने आणि आदराने पाठ केली. जे पुढे उभे राहून गात, त्यांच्या मागे त्यांनी ध्रुपद धरले. ध्रुपद धरणे म्हणजे मुख्य गायकाने सोडलेले पालुपद साथीला उचलून म्हणणे, हे काम टाळकऱ्याचे आहे, नायकाचे नव्हे. लाज त्यांनी मनात येऊ दिली नाही, अंग झिजवून होईल तो उपकार केला, सोयऱ्याधायऱ्यांचे मत बाजूला ठेवले आणि खऱ्याखोट्याला साक्षी केले ते आपल्या मनाला, बहुमताला नाही. स्वप्नात मिळालेल्या गुरूच्या उपदेशावर आणि नामावर त्यांनी विश्वास ठेवला. एवढे सगळे झाल्यावर, अगदी शेवटी, कवित्वाची स्फूर्ती झाल्याचा उल्लेख येतो. पांडुरंगाला सोबत घेऊन नामदेव स्वप्नात आले आणि त्यांनी कवित्वाचे काम सोपवले, असे त्यांनी अन्यत्र सांगितले आहे. ती आज्ञा झाली तेव्हा ती उचलण्याची तयारी पाठांतराने, साथीने आणि सेवेने आधीच झालेली होती.

या क्रमात आजच्या समजुतींना धक्का देणारे पुष्कळ आहे. प्रौढ माणसाला सर्जनाकडे वळवताना सध्या त्याला आत्माविष्कार करायला सांगितले जाते. आपल्या आत जे आहे ते बाहेर काढावे, असा उपदेश होतो. तुकारामांनी प्रथम बाहेरचे आत घेतले. दुसऱ्यांचे शब्द कंठात बसले, दुसऱ्यांच्या मागे गाऊन त्यांची लय अंगात भिनली, आणि मग जे बाहेर आले ते इतके स्वतःचे होते की साडेतीनशे वर्षांनंतरही अभंगाच्या नाममुद्रेपर्यंत न पोहोचता तो तुकोबांचा आहे हे वारकऱ्याला ओळखू येते. शासनाने १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या गाथेत ४,६०७ अभंग आहेत. ही सगळी संपत्ती एका पाठांतरापासून सुरू झाली. दुःख भोगलेल्या माणसाच्या आत जे साठलेले असते ते पुष्कळदा कढत आणि आकारहीन असते, आणि त्याला आकार देणारी भाषा त्याच्याजवळ नसते. ती भाषा परंपरेकडून उसनी घ्यावी लागते, आणि आदराने घेतलेली उसनवारी हळूहळू स्वतःची होते. विश्वास आणि आदर या दोन अटी तुकारामांनी पाठांतराला जोडल्या आहेत, आणि पतंजलीनेही अभ्यास दृढ होण्यासाठी दीर्घकाळ, अखंडता आणि आदर या अटी सांगितल्या आहेत. यातली आदराची अट आज सर्वांत जास्त विसरली जाते.

इथे समर्थ रामदासांचे मत आडवे येते, आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. दासबोधाच्या चौदाव्या दशकातील तिसऱ्या समासात त्यांनी कवित्वाचे धीट, पाठ आणि प्रासादिक असे तीन प्रकार केले. मनात येईल ते बेधडक रचणे हे धीट; बहुत ग्रंथ पाहून, पाठ करून त्यांच्या नमुन्यावर रचणे हे पाठ; आणि ज्याला वैभवाची, स्त्री-धनाची चाड नाही, ज्याचे अंतःकरण भगवंताला लागले आहे, त्याच्या मुखातून सहज येणारे ते प्रासादिक. रामदास अर्थातच तिसऱ्याला श्रेष्ठ ठरवतात आणि पाठाला उसन्याचा दर्जा देतात. वरवर पाहता हे तुकारामांच्या साधनेच्या विरुद्ध जाते. परंतु रामदासांचा कटाक्ष पाठावर थांबणाऱ्या कवीवर आहे, पाठ करून पुढे जाणाऱ्यावर नाही. तुकारामांच्या बाबतीत पाठ ही पायरी होती आणि प्रसाद हे फळ होते. धीट कवित्वाबद्दल मात्र रामदासांचा निकाल जसाच्या तसा स्वीकारावा लागेल, कारण आत्माविष्काराच्या नावाखाली प्रौढांना जे आज शिकवले जाते ते बव्हंशी धीट कवित्वच आहे, आणि त्यातून चार दिवसांचा उत्साह मिळाला तरी पाचव्या दिवशी माणूस पूर्वीइतकाच कोरडा असतो.

प्रसाद हा शब्द श्रद्धावंताला सोपा आणि इतरांना अवघड वाटतो. त्याचा तात्त्विक अर्थ असा घेता येईल की निर्मिती ही कर्त्याच्या मालकीची नसते. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, विविध चेष्टा आणि दैव. कर्ता हा त्या पाचांपैकी फक्त एक आहे, आणि जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला काही कळत नाही असा तिथे निर्वाळा आहे. प्रौढपणाचे मुख्य ओझे हेच कर्तेपण असते. घर चालवणाऱ्याला, कचेरी चालवणाऱ्याला प्रत्येक गोष्टीचा निकाल आपल्या नावावर घ्यावा लागतो, आणि तीच सवय त्याने वहीपाशी किंवा तानपुऱ्यापाशी नेली की पहिल्याच बेसूर स्वराला तो स्वतःची नाचक्की समजतो. मूल बेसूर गाते आणि पुन्हा गाते, कारण त्याने अजून कर्तेपण घेतलेले नाही. ते कर्तेपण बाजूला ठेवण्याची रीत भक्तिमार्गाने शिकवली. आपण बोलत नाही, बोलवता धनी वेगळा आहे, ही तुकारामांची वारंवार येणारी भूमिका औपचारिक विनयाची नाही, तिच्यामुळेच त्यांना चुकण्याचे, रागावण्याचे आणि देवाशी भांडण्याचे स्वातंत्र्य मिळाले. नास्तिक मनुष्यही आपली भाषा, आपला राग, आपले हात हे आपण निर्माण केलेले नाहीत एवढे मान्य करू शकतो, आणि प्रसादाचा अर्धा अर्थ तेवढ्यानेही हाती येतो.

एकांताची गोष्ट वेगळी आहे. तुकारामांना भंडाऱ्याचा डोंगर होता. शहरातल्या गृहस्थाला डोंगर मिळत नाही, आणि कधी कधी एकांत त्याच्यावर लादला जातो. लोकमान्य टिळकांच्या गीतारहस्याची घडण या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. १८७२ मध्ये, सोळा वर्षांच्या टिळकांनी वडिलांच्या अखेरच्या आजारात त्यांना गीतेवरची एक मराठी टीका वाचून दाखवली, तेव्हा गीतेच्या तात्पर्याविषयीची शंका त्यांच्या मनात उपजली, हे त्यांनी प्रस्तावनेत सांगितले आहे. त्यानंतर शाळा, महाविद्यालय, केसरी, राजकारण आणि खटले यांत जवळजवळ चार दशके गेली. शंका विच्छिन्न होती, गेली नव्हती. १९०८ मध्ये झालेल्या शिक्षेने त्यांना मंडालेच्या तुरुंगात नेले, आणि १९१०–११ च्या हिवाळ्यात, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, त्यांनी पेन्सिलीने तो ग्रंथ काही महिन्यांत लिहून काढला. १९१५ मध्ये तो पुण्यात प्रसिद्ध झाला. चार दशकांच्या वाचन-चिंतनाची व्युत्पत्ती नसती तर सहा वर्षांचा तुरुंगवास नुसता तुरुंगवास राहिला असता, आणि तुरुंगवास नसता तर ती व्युत्पत्ती कदाचित अग्रलेखांतच विखुरली असती. या ग्रंथाच्या प्रस्तावनेचा आरंभ टिळकांनी तुकारामांच्या वचनानेच केला आहे, आणि त्या वचनाचा आशय आपण संतांचे उष्टेच बोलतो असा आहे. उत्तरवयात मोठी निर्मिती करणाऱ्या, स्वभावाने अत्यंत स्वाभिमानी अशा पुरुषालाही आपल्या ग्रंथाच्या दारात मालकी सोडावीशी वाटली.

नोकरी सांभाळून निर्मिती करणाऱ्यांसाठी राजशेखराने एक स्वतंत्र नाव योजले आहे, आणि ते मराठीत रुळायला हवे होते. ज्याच्या पणजोबाला, अकालजलदाला, महाराष्ट्राचा चूडामणी म्हणून गौरवले गेले, त्या या ग्रंथकाराने काव्यमीमांसेत वेळेच्या दृष्टीने कवींचे चार प्रकार केले: गुहेसारख्या एकांतात राहून अखंड काव्य करणारा ‘असूर्यंपश्य’, मनाची बैठक जमली की रचणारा ‘निषण्ण’, सेवाचाकरी इत्यादींना बाध न आणता मिळालेल्या अवसरात रचणारा ‘दत्तावसर’ आणि प्रसंगानुसार रचणारा ‘प्रायोजनिक’. दत्तावसराचे काळही त्याने दाखवून दिले आहेत. रात्रीचा अखेरचा अर्धा प्रहर, ज्याला तो सारस्वत मुहूर्त म्हणतो, जेवणानंतरचा निवांतपणा, आणि वाहनातून प्रवास चालू असतानाचा वेळ हे त्यांतले काही. हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात नोकरदाराच्या वेळापत्रकाचा असा विचार झालेला पाहून आदर दुणावतो. सकाळी रचलेले दिवसाच्या चौथ्या प्रहरी पुन्हा तपासावे, कारण रसाच्या भरात विवेकाची दृष्टी नसते, हा त्याचा सल्ला तर कोणत्याही काळातील लेखकाला उपयोगी आहे. डॉ. वसंतराव देशपांडे हे पुण्यातील दत्तावसराचे ठळक उदाहरण होय. लष्कराच्या हिशेब खात्यातील नोकरीत त्यांची उमेदीची कित्येक वर्षे गेली, आणि त्या काळातही सुरेशबाबू माने यांच्यासारख्या गुरूंकडून घेतलेली विद्या त्यांनी जागती ठेवली. १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले आणि खाँसाहेबांच्या भूमिकेतून त्यांचे गाणे महाराष्ट्रभर पोहोचले, तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीस होते.

गृहस्थाश्रमाचा अधिक कठीण भाग मात्र स्त्रियांच्या वाट्याला आला, आणि म्हणून लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण पुरुषांच्या उदाहरणांपेक्षा जास्त शिकवणारे आहे. १८६८ मध्ये जन्मलेल्या, शाळेत न गेलेल्या या बाईंना पतीने, म्हणजे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी, जेमतेम लिहायला-वाचायला शिकवले. १८९५ मध्ये पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर घर, जात आणि माहेर यांची झालेली फाटाफूट त्यांनी सोसली, आणि पुढे स्वतःच्या मनाने त्याही त्या धर्मात गेल्या. १९१९ मध्ये पतीचे निधन झाले तेव्हा ख्रिस्तायन हे त्यांचे महाकाव्य अपुरे होते, आणि ते पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. इथेही क्रम तोच दिसतो: आधी दुसऱ्याने सुरू केलेल्या ओवीच्या चालीत आपला आवाज मिसळणे, एका परीने ध्रुपद धरणे, आणि त्यानंतर, साठी उलटल्यावर, ‘स्मृतिचित्रे’, जे १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले आणि मराठी आत्मचरित्रांत आजही अग्रभागी आहे. धर्म बदलला तरी साधनेची वाट बदलली नाही, यावरून ही वाट एका पंथाची नाही हे सिद्ध होते.

संसारी माणसाने हे करावे काय, या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या चरित्रांतून जवळजवळ आलेच आहे. वारकरी संप्रदायाने घर सोडायला कधी सांगितले नाही, आणि गाणेही सोडायला सांगितले नाही. तुकारामांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केलेला पालखीचा सोहळा दरवर्षी पुण्यात मुक्कामाला येतो. तुकारामांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात आणि ज्ञानेश्वरांची भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात उतरते. त्या दोन रात्री जी माणसे तिथे टाळ घेऊन उभी असतात ती बहुतेक शेतकरी, कष्टकरी, प्रपंची माणसे असतात. शेकडो अभंग त्यांना मुखोद्गत असतात, कोणता अभंग कोणत्या वेळी आणि कोणत्या चालीत घ्यायचा हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. त्यांतल्या बहुतेकांनी स्वतः एकही ओळ रचलेली नसेल, पण राजशेखराच्या भाषेत ती भावयित्री प्रतिभेची धनी आहेत, आणि प्रौढ वयात सर्जनाचे पुनरुज्जीवन बहुधा याच बाजूने सुरू होते. जो नीट ऐकू लागला, ज्याला दुसऱ्याच्या रचनेत कुठे थांबावे आणि कुठे डोलावे हे कळू लागले, त्याची कारयित्री शक्ती जागी झाली नाही तरी त्याचे मन ओसाड राहत नाही. प्रत्येक प्रौढाने निर्माताच व्हावे हा हट्ट या परंपरेत नाही, आणि तो नसणे हे तिचे मोठे शहाणपण आहे.

पुण्यात आज निवृत्तांसाठी आणि नोकरदारांसाठी गाण्याचे, चित्रकलेचे, लेखनाचे वर्ग गल्लोगल्ली चालतात, आणि त्यांना येणारी गर्दी पाहता या शहराची भूक खरी आहे यात शंका नाही. त्या वर्गांचा दोष एवढाच दिसतो की तिथे पहिल्या महिन्यापासून सादरीकरणाची, संमेलनाची आणि पुस्तक छापण्याची घाई असते, म्हणजे ज्या कर्तेपणाच्या ओझ्यातून सुटण्यासाठी माणूस आला त्याच ओझ्याखाली त्याला पुन्हा उभे केले जाते. भजनी मंडळांनी ही चूक टाळली आहे. तिथे नवा माणूस मागच्या रांगेत उभा राहतो, टाळ धरतो, आणि वर्ष-दोन वर्षे फक्त ध्रुपद म्हणतो. शहरातील ग्रंथालयांनी, संगीतविद्यालयांनी आणि साहित्यसंस्थांनी हीच रीत आपल्या प्रौढ विद्यार्थ्यांसाठी स्वीकारावी: पहिले वर्ष केवळ वाचन, श्रवण आणि पाठांतराचे ठेवावे, त्यात परीक्षा नसावी, प्रमाणपत्र नसावे, आणि जो विद्यार्थी त्या वर्षाअखेर स्वतःचे काही घेऊन येईल त्याचे आधी निवांत ऐकून घ्यावे.